काच बदलली, दाराच्या आतलं काय?



आजचं वाचन: एकनाथी भागवत, अध्याय २३, भिक्षुगीत.

काल गाडी साफ करायला घेतली. पुढच्या सीटखाली व्हॅक्यूम फिरवताना सीटच्या रुळात काहीतरी चमकलं. बोटाने काढलं तर काचेचा दाणा, ज्वारीएवढा. जूनमध्ये गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली होती, तिचा तो तुकडा. काच बदलून पाच महिने झाले. त्यानंतर गाडी कितीदा धुतली, तरी हा पठ्ठ्या तिथेच बसून होता. आणि योगायोग असा की रोजच्या वाचनात आज पुन्हा तोच अध्याय आला, जो त्या आठवड्यात मी वाचत होतो. तेव्हा या अध्यायावर लिहायला घेतलेलं चिंतन मी अर्धवट सोडलं होतं. का सोडलं, ते आज सांगतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जूनमधला मंगळवार. सकाळी आठ वाजता ऑफिसला निघालो, पार्किंगमध्ये आलो, तर मागच्या डाव्या दाराची काच जागेवर नव्हती. सीटवर काचेचा सडा. रात्री पाऊस झाला होता, सीट भिजली होती. आत छत्री, जुनं जॅकेट आणि ऑफिसची रिकामी डब्याची पिशवी होती, ते सगळं तसंच होतं. काहीच गेलं नव्हतं. पण त्या क्षणी ‘काहीच गेलं नाही’ हे दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच की कुणीतरी माझी काच फोडली.

आमची सोसायटी पुण्यातली, शंभरेक फ्लॅट्सची. काही गाड्या इमारतीखाली लागतात, काही उघड्यावर बागेच्या कडेला. माझी उघड्यावरची. गेटवर रात्री एक वॉचमन काका असायचे. साठीच्या जवळ आलेले. रात्री उशिरा आलो की गेट उघडताना म्हणायचे, “जेवला का साहेब?” त्या सकाळी त्यांची ड्युटी संपत आली होती. मी तरातरा गेटवर गेलो.

“काका, रात्री कोण आलं होतं आत?”

“कुणीच नाही साहेब.”

“कुणीच नाही कसं? माझी काच फुटलीये. तुम्ही झोपला होता का?”

“नाही साहेब. पाऊस होता म्हणून केबिनमध्ये बसलो होतो. पण जागा होतो.”

मी पुढचं ऐकलंच नाही. तिथेच उभं राहून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं: ‘रात्री आपल्या आवारात चोर शिरतात, गाड्या फोडतात, आणि सिक्युरिटी झोपा काढते. आपण मेंटेनन्स कशासाठी भरतो?’ पाच मिनिटांत चाळीस जणांनी अंगठे दिले. कुणीतरी लिहिलं, ‘मलाही ते काका एकदा पेंगताना दिसले होते.’ आणखी एकाने लिहिलं, ‘आजकाल यांचीच माणसं सामील असतात.’ हे वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण त्याला विरोधही केला नाही. खरं सांगायचं तर वाचून थोडं बरंच वाटलं. माझ्या बाजूने लोक होते.

संध्याकाळी घरी आलो तर गेटवर नवीन माणूस. सेक्रेटरींनी एजन्सीला फोन केला होता आणि एजन्सीने काकांना दुसऱ्या साईटवर हलवलं होतं. मला वाटलं, चला, निदान दखल तरी घेतली.

त्या रात्री वाचनाला बसलो आणि अध्याय निघाला २३वा.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भागवताच्या ११व्या स्कंधावर नाथमहाराजांनी ओवीबद्ध टीका लिहिली. पैठणला सुरू झालेली ही टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. एकूण ३१ अध्याय. त्यातल्या २३व्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला अवंतीच्या एका ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. माणूस श्रीमंत, पण कमालीचा कंजूष आणि रागीट. घरच्यांनाही सुखाने खाऊ घालायचा नाही. पुढे पैसा गेला. काही नातलगांनी नेला, काही चोरांनी, काही राजाने, काही काळाने. पैसा गेला तशी माणसंही गेली. मग त्याला वैराग्य आलं, तो संन्यासी झाला आणि भिक्षा मागत फिरू लागला.

लोकांनी त्याला सुखाने फिरू दिलं नाही. कुणी त्याचा दंड ओढला, कुणी कमंडलू पळवला, कुणी वस्तू परत देतो म्हणून दाखवायच्या आणि पुन्हा हिसकवायच्या. नदीकाठी जेवायला बसला तर त्याचं अन्न विटाळलं, अंगावर थुंकले. आणि हे सगळं सोसताना तो स्वतःशी म्हणतो की माझ्या सुखदुःखाचं कारण हे लोक नाहीत. देवता नाहीत, आत्मा नाही, ग्रह नाहीत, कर्म नाही, काळही नाही. मनच हे चाक फिरवतं. आपलेच दात आपल्या जिभेला चावले तर रागवायचं कुणावर, असा त्याचा साधा प्रश्न आहे.

मी वाचून भारावलो. लगेच लॅपटॉप उघडला आणि तुमच्यासाठी चिंतन लिहायला घेतलं. शीर्षकही सुचलं होतं: ‘काच फुटली, मन फुटू देऊ नका’. माझ्या लेखात भिक्षू कोण होता, ते कळलंच असेल. अर्थातच मी! ज्याचं नुकसान झालं, तरी जो आता शांत आहे, चोराला मनोमन माफ करतोय, असा मी. अर्धं पान लिहून झालं आणि झोप आली. बाकीचं उद्या, म्हणून झोपलो.

पुढचे तीन दिवस गाडीला प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून फिरलो. त्या काळात विम्याचा हिशोबही केला. माझ्या पॉलिसीवर ३५ टक्के ‘नो क्लेम बोनस’ होता. पाच वर्षं क्लेम घेतला नाही तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एक क्लेम घेतला की सहसा शून्यावर येतो. काच आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत जाणार होतं. क्लेम घेतला असता तर पुढच्या वर्षी प्रीमियममध्ये त्याहून जास्त गेले असते. म्हणून खिशातून भरायचं ठरवलं. हा हिशोब मी चार वेळा केला, अगदी एक्सेल शीटमध्ये. हे मुद्दाम सांगतोय. पुढे लागेल.

शनिवारी काचेच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, जुन्या जागी नवीन काच सरकवली की झालं, पंधरा मिनिटांचं काम. पण मिस्त्रीने आधी स्टूल ओढलं, स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या आणि दाराचं आतलं अख्खं पॅड उतरवून बाजूला ठेवलं. त्याच्या मागचा प्लास्टिकचा पडदा हळूच सोडवला. मग दाराच्या पोकळीत हात घातला आणि मूठभर काच बाहेर काढली. पुन्हा मूठभर. मग व्हॅक्यूमची नळी आत घातली, तर दगडगोटे ओढल्यासारखा खडखडाट.

मी म्हटलं, “दादा, एवढं कशाला? आतलं कुणाला दिसतंय?”

तो म्हणाला, “दिसत नाही साहेब, पण वाजतं. दार आपटलं की रोज खळखळ. परत पाणी जायला खाली भोकं असतात, त्यात दाणे अडकले की पाणी साचतं आणि दार आतून गंजतं. रबराच्या खाचेत एखादा राहिला तर नवीन काच खालीवर करताना चरे पडतात. काच बसवायला दहा मिनिटं पुरतात. वेळ जातो तो सगळा साफ करण्यात.”

तो बोलता बोलता काम करत होता. मी टपरीवरचा चहा आणला, एक त्याला दिला. हाताला चहा लागला तसा तो जरा थांबला आणि मघाशी बाजूला ठेवलेला एक खडा त्याने मला दाखवला. वाटाण्याएवढा, टोकदार.

“हा तुमच्या दाराच्या आत मिळाला. चोर असा खडा नाही मारत साहेब. गाडीजवळ गवत कापायचं मशीन चाललं होतं का?”

मी हसलोच. एवढ्याशा खड्याने काच फुटते? त्यावर त्याने समजावलं. गाडीची पुढची मोठी काच दोन थरांची असते, मध्ये चिकट पडदा असतो, म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांमध्ये वेगळ्या. त्या ६०० अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने झटकन थंड करतात. बाहेरची बाजू आधी घट्ट होते, आतली मागून. त्यामुळे बाहेर दाब आणि आत ताण, असं कायमचं राहतं. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण टोकदार काहीतरी जोरात लागून तो बाहेरचा थर भेदला गेला, की आतला सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे दाणे होतात. गवत कापायच्या मशीनखालून उडालेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा येतो. “पावसाळा लागला की महिन्याला अशा दोन-तीन गाड्या येतात माझ्याकडे,” तो म्हणाला.

माझ्या हातातला चहा थंड झाला.

घरी आलो, सेक्रेटरींकडून कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं. मंगळवारीही मी फुटेज पाहिलं होतं, पण सोमवारी रात्री दहा ते मंगळवारी सकाळी सहापर्यंतचं. चोर रात्रीच येतो, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं ना! आणि त्यात कुणी दिसलं नाही, तर माझा निष्कर्ष असा होता की कॅमेराच नीट लावलेला नाही. आता सोमवारची दुपार लावली. मी त्या दिवशी घरून काम करत होतो, खाली उतरलोच नव्हतो. ४ वाजून १० मिनिटं. माळीदादा बागेच्या कडेचं गवत कापतोय. एक क्षण, आणि माझ्या गाडीची मागची काच पांढरीफटक होते आणि खाली ढासळते. तो मशीन बंद करतो. इकडेतिकडे बघतो. मग मशीन उचलून निघून जातो.

वॉचमन काकांची ड्युटी रात्री आठला सुरू होत होती. म्हणजे ते गेटवर आले त्याच्या जवळजवळ चार तास आधीच काच फुटलेली होती.

त्या रात्री मी अर्धवट लेख उघडला. पूर्ण करण्याआधी अध्याय पुन्हा वाचू म्हटलं. आणि मंगळवारी ज्याच्यावरून नजर नुसती घसरून गेली होती, तिथे अडकलो. भिक्षूला छळणारे लोक काय काय करतात, त्याच्या यादीत हेही आहे: काही जण त्याला ‘हा चोर आहे’ म्हणून दरडावतात, आणि काही जण ‘बांधा याला, बांधा’ म्हणत दोरीने बांधतात.

मी लॅपटॉप मिटला.

या अध्यायात मी होतो, पण भिक्षूच्या जागी नव्हतो. मी त्या घोळक्यात होतो. आणि ‘बांधा याला’ म्हणणाऱ्यांत पहिला आवाज माझा होता.

मित्रांनो, तुम्हीही रोज काही ना काही वाचता. गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध. एकदा तपासून बघा, वाचताना आपण आपोआप कुणाच्या जागी जाऊन बसतो? अर्जुनाच्या, प्रल्हादाच्या, सुदाम्याच्या, सोसणाऱ्या संताच्या. पोथीत संताला त्रास देणारी माणसंही असतातच. ती कोण असतात? आपल्यासारखीच. त्यांनाही त्या दिवशी आपण बरोबरच आहोत असं वाटलं असणार. त्यांच्याही पाठीशी चाळीस अंगठे असणार!

रविवारी मी काकांना भेटायला गेलो. एजन्सीने त्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बांधकामाच्या साईटवर टाकलं होतं. जायला दोन बस बदलाव्या लागत होत्या. वर ‘ड्युटीत हलगर्जी’ म्हणून दोन दिवसांचा पगार कापला होता. मी सगळं सांगितलं. खडा, मशीन, फुटेज. “काका, माझं चुकलं. मला माफ करा,” म्हटलं.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “असू द्या साहेब. मनाला लावून घेत नाही मी. आमच्या नशिबातच असेल.”

आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! हात जोडले, निघायलाच लागलो होतो. मनात तर वाक्य तयार झालं होतं: बघा, हे खरे भिक्षुगीत जगणारे! दुःखाचं कारण बाहेर नाही, हे यांना न वाचताच कळलंय. याच्यावर केवढा सुंदर लेख होईल!

तिथेच पाय थबकले. कारण तेवढ्यात लक्षात आलं की मी काय करत होतो. ज्या शिकवणीने मला माझा राग आवरायचा होता, तीच शिकवण मी माझी जबाबदारी टाळायला वापरत होतो. आणि आज मला तुमच्यासमोर मांडायचा प्रश्न हाच आहे. दुःखाचं कारण दुसरा नसतो, मन असतं, हे जर खरं असेल, तर मी काकांना दुःख दिलं हेही खोटंच म्हणायचं का? त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, मग माझा हिशोब मिटला का?

पाच महिने यावर विचार केल्यावर मला जे समजलं ते असं. भिक्षू हे सगळं स्वतःविषयी बोलतो. ज्याला लागलंय त्याने, स्वतःच्या मनाला, स्वतःहून सांगायची ती गोष्ट आहे. तेव्हा ती माणसाला मोकळं करते. पण ज्याने लावलंय त्याने, ज्याला लागलंय त्याला, ‘दुःख तर मनाचं असतं’ असं सांगितलं की त्याच शब्दांचा दगड होतो. शब्द तेच, पण बोलणारं तोंड बदललं की अर्थ उलटा होतो. भिक्षूने लोकांना मनात जागा दिली नाही, हे त्याचं मोठेपण. त्यामुळे दंड ओढणाऱ्यांचं वागणं योग्य ठरत नाही. त्याचं गीत त्यांच्या निर्दोषपणाचं प्रमाणपत्र नाही.

नाथमहाराजांचीच गोष्ट घ्या. काशीचं गंगाजल कावडीने रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी ते पाणी त्याला पाजलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या नाथांनी भिक्षुगीतावर ओव्या लिहिल्या, त्यांच्याबद्दलची ही कथा आहे. तहान देहाची असते, आत्म्याला तहान नसते, हे वेदान्ताचं ज्ञान त्यांना नव्हतं का? पण ते गाढवाला समजावत बसले नाहीत. पाणी पाजलं. स्वतःचं दुःख मनाचं समजायचं आणि दुसऱ्याचं दुःख खरं मानायचं, एवढं साधं गणित मला त्यात दिसतं. आपण बहुतेक वेळा नेमकं उलट करतो. माझं दुःख खरं, तुझं दुःख तुझ्या मनाचा खेळ.

मी परत वळलो. म्हटलं, “काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण मला लावून घेऊ द्या. कापलेले पैसे मी देणार. आणि अजून काय करू, ते तुम्ही सांगा.”

पैसे त्यांनी घेतले. मोजून घेतले. ते मला बरं वाटलं. मग जरा थांबून म्हणाले, “साहेब, खरं सांगू? पैशाचं राहू द्या. तुमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे माझी बायको कामाला आहे. ती गेली की सगळे तिच्याकडे बघतात. त्या ग्रुपवर तेवढं लिहाल का, की मी झोपलो नव्हतो?”

मंडळी, मला हे माहीतच नव्हतं. वर्षभर ते मला ‘जेवला का’ विचारत होते आणि त्यांच्या घरचं कुणी माझ्याच बिल्डिंगमध्ये येतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. अडीच हजारांच्या काचेचा हिशोब मी चार वेळा केला होता. काकांच्या दोन दिवसांच्या पगाराचा, दोन बसच्या भाड्याचा आणि त्यांच्या बायकोकडे वळणाऱ्या नजरांचा हिशोब एकदाही केला नव्हता.

खरं म्हणजे ग्रुपवर लिहायचं मी टाळतच होतो. समोरासमोर, एकट्यात माफी मागणं त्या मानाने सोपं होतं. एकट्यात मागितलेल्या माफीत मोठेपणाही मिळतो. पण आरोप मी चारचौघांत केला होता आणि माफी कोपऱ्यात मागत होतो! काच फुटली ती सगळ्यांसमोर, आणि मी आतले दाणे न काढताच पॅड बसवायला निघालो होतो. बाहेरून दार चकचकीत. मिस्त्रीचं बोलणं आठवलं: दिसत नाही साहेब, पण वाजतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा खोडलं. पहिल्या मसुद्यात होतं, ‘गैरसमजातून माझ्याकडून तसं लिहिलं गेलं.’ ‘लिहिलं गेलं’ म्हणजे काय? शब्द काय आपोआप टाईप झाले? दुसऱ्यात होतं, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...’ असतील तर! शेवटी साधं लिहिलं: ‘काच सोमवारी दुपारी ४.१० ला गवत कापताना खडा उडून फुटली. फुटेज आहे. वॉचमन काका तेव्हा ड्युटीवरही नव्हते. मी खात्री न करता त्यांच्यावर आरोप केला. चूक माझी आहे. त्यांचा पगार कापला गेला आणि बदली झाली, ती माझ्या मेसेजमुळे. मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागतो.’ तेच सेक्रेटरींना आणि एजन्सीला ईमेलने पाठवलं.

अंगठे किती आले? अकरा. आरोपाला चाळीस, माफीला अकरा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. बोललेला शब्द किती लांब जातो आणि मागे घेतलेला शब्द किती जवळ पडतो, ते यातून कळलं. जो आरोप चाळीस जणांच्या मनात गेला, त्यातल्या कितीतरी मनांत तो अजून दाण्यासारखा पडून असेल. त्यांच्या दाराचं पॅड मी उघडू शकत नाही.

माळीदादाचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही आधी त्याच्यावर चिडलो होतो. म्हणजे बघा, राग कुठेच गेला नव्हता, फक्त पत्ता बदलत होता. त्याला विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, “सांगणार होतो साहेब. पण कॉन्ट्रॅक्टर महिनाभर पैसे कापत राहिला असता. आणि मंगळवारी तुम्ही गेटवर ओरडत होता ते ऐकलं, मग धीरच झाला नाही.” त्याने सांगायलाच हवं होतं, यात वाद नाही. त्याच्या गप्प बसण्यामुळे काका अडकले. पण त्याची भीती वाढवायला माझा आवाजही कारणीभूत होता. जिथे चूक कबूल करणाऱ्याला आधी फाडून खातात, तिथे खरं कोण बोलेल? त्याच्याकडून मी काचेचे पैसे घेतले नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एवढं मात्र ठरवून घेतलं की गवत कापायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर कळवायचं, त्या कडेच्या गाड्या हलवायच्या, आणि कापताना मध्ये जाळीचा आडोसा धरायचा. गवत अजूनही कापलं जातं, पण त्यानंतर काच फुटली नाही.

आणि हो, एक गैरसमज नको. खरंच चोराने काच फोडली असती तर? तर पोलिसांत जायचं, तक्रार द्यायची, फुटेज द्यायचं. क्षमा म्हणजे डोळे मिटणं नव्हे. पण तक्रार पुराव्यावर उभी असते आणि आरोप रागावर. फरक ओळखायची माझी एक सोपी खूण आहे: मी शोधतोय की मी ठरवलंय? ठरवलं असेल तर मी फक्त रात्रीचंच फुटेज बघतो.

अजून एक गोष्ट. माझा राग थेट वॉचमन काकांवरच का गेला? सेक्रेटरींवर का नाही, बिल्डरवर का नाही? कारण काका उलट बोलणार नव्हते. आपला राग फार हुशार असतो. तो जिथून मार पडणार नाही अशीच जागा शोधतो. ऑफिसमध्ये बॉसने बोललेलं घरी आईवर निघतं, तसंच. त्या आठवड्यात ऑफिसमध्ये माझं काय चाललं होतं ते सांगत बसत नाही, पण आत ताण भरपूर होता. बाहेरून मजबूत, हसरा, रोज पोथी वाचणारा. एक खडा लागला आणि दाणे दाणे झाले. भिक्षू म्हणतो की मनच चाक फिरवतं. ते मला माझ्या दुःखापेक्षा माझ्या रागाबाबत जास्त खरं वाटलं.

काका परत आमच्या गेटवर आले का? नाही. एजन्सीने कापलेला पगार दिला, पण तोवर आमच्याकडे दुसरा माणूस रुळला होता. चार महिन्यांनी त्यांना घराजवळची साईट मिळाली, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मी आता त्यांना ‘मावशी’ म्हणतो, लिफ्टमध्ये भेटल्या की बोलतो. सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. काच नवीन मिळते, ‘जेवला का साहेब’ नवीन मिळत नाही.

कालचा तो दाणा मी फेकला नाही. देवघरात तर ठेवणार नाही, पण वाचनाच्या टेबलावर एका छोट्या डबीत ठेवलाय. पोथी उघडताना दिसावा म्हणून.

आजचा संकल्प, जमला तर तुम्हीही करा. एक, आज जो अध्याय वाचाल त्यात स्वतःला नायकाच्या जागी न ठेवता घोळक्यात ठेवून बघा. दोन, ज्याच्यावर चारचौघांत चुकीचं बोललो असू, त्याची चारचौघांतच माफी मागा, आणि ‘जर-तर’ न लावता. तीन, ज्याने माफ केलं त्याला विचारा, “अजून काय करू?” कारण समोरचा ‘असू द्या’ म्हणाला म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. दाराच्या आत अजून दाणे असतात.

उद्या अध्याय २४.

राम कृष्ण हरी.